दिव्याभोवतीची बांगडी

गडमुडशिंगीच्या, गावोगाव बांगड्या भरणाऱ्या अमीरबी मणेरणीचा उजवा डोळा गेला, हे तिच्या आधी तिच्या शेळीला कळलं. शेळी दाराच्या उजव्या अंगाला बांधलेली असे. माघात अमीरबी तिच्यावर तीनदा अडखळून पडली. चौथ्या वेळेपासून शेळीच शहाणी झाली. म्हातारीच्या पावलांची चाहूल लागली की ती रवंथ थांबवून उठायची आणि भिंतीला चिकटून उभी राहायची. म्हातारी मात्र शहाणी झाली नाही. "दावं लांब सोडतीस," म्हणून तिनं सुनेलाच फैलावर घेतलं.

सून कुलसुम ही मुरगूडची लेक. लग्नाला तीन वर्षं झालेली. बोलायचं कमी आणि बघायचं जास्त, असा तिचा स्वभाव. सासू चुलीकडं बघायला आता सगळी मान फिरवते, भाकरी ताटलीत न टाकता ताटलीशेजारी टाकते, हे तिनं बघून ठेवलं होतं. नवरा दिलदार घरी नव्हता. भोगावतीवर महाराजांनी धरणाचं काम काढलं होतं, तिथं दगड ओढायला तो गाडीबैल घेऊन गेला होता आणि पावसाच्या तोंडालाच परतणार होता. बांगड्यांच्या धंद्याला त्याचा तसा उपयोगही नव्हता. त्याच्या हाताची बोटं अशी जाड, की लहानपणी त्यानं भरायला घेतलेली पहिली बांगडी बाईच्या हातात जायच्या आधी त्याच्याच हातात वाढली होती. बांगडी फुटली म्हणायचं नाही, वाढली म्हणायचं, एवढा धंदा तेवढा त्याला आला.

तेव्हा घरात दोन बायका आणि एक शेळी. फाल्गुनात एके दिवशी कुलसुमनं सासूला न विचारता पिराजीची गाडी सांगितली आणि म्हणाली, "अम्मा, चला. कोल्हापूरला जायचंय."

"कशाला?"

"डोळं दाखवायला."

"माझ्या डोळ्याला काय धाड भरलीया?"

कुलसुमनं दोन बोटं सासूच्या उजव्या कानाजवळ धरली आणि विचारलं, "किती बोटं हाईत?" अमीरबी गप्प गाडीत जाऊन बसली.

दवाखान्यातला डॉक्टर तरुण होता, मुंबईला शिकून आलेला. त्यानं आधी नुसतं विचारलं. डोकं दुखतं का, ठेच लागते का, आणि मग म्हणाला, "दिव्याकडं बघितलं की भोवती रंगीत कडं दिसतं का कधी?"

"दिसतं की," अमीरबी म्हणाली. "हिरवी, तांबडी, चांगली बांगडीच दिसती. आमचा धंदाच त्यो. आमाला दुसरं काय दिसणार?"

कंपौंडर हसला. डॉक्टर हसला नाही. त्यानं तिला डोळे मिटायला सांगितले आणि पापण्यांवरून दोन बोटांनी एकेक डोळा हलकेच दाबून पाहिला. बाईचा हात चाचपून बांगडीचं माप ठरवावं, तसं ते चाचपणं होतं, आणि तेवढ्यापुरता तो डॉक्टर अमीरबीला बरा वाटला. मग त्यानं कुलसुमला जवळ बोलावलं. "आधी तुमचा स्वतःचा डोळा दाबून बघा. आता यांचा बघा."

कुलसुमनं बघितलं. स्वतःचा डोळा पिकल्या पेरूसारखा लागला, सासूचा कच्च्या.

"काचबिंदू आहे," डॉक्टर म्हणाला. "डोळ्याच्या आत पाणी असतं. ते निघून जायची वाट बुजते, पाणी तटतं, डोळा ताठतो आणि आतली नस दबून मरते. उजवा डोळा गेला, तो आता येणार नाही. डावा अर्धा शिल्लक आहे. तो राखायचा."

त्यानं तपकिरी काचेची बोटभर बाटली दिली आणि एक काचेची कांडी. दिवसातून तीन वेळा, सकाळी, दुपारी आणि दिवेलागणीला, कांडी बुडवून एक थेंब डाव्या डोळ्यात सोडायचा. कांडी डोळ्याला लावायची नाही. थेंब पडला की डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा बोटानं दाबून धरायचा. बाटली संपायच्या आत दुसरी न्यायला यायचं.

"ह्यानं दिसंल न्हवं पयल्यासारखं?" अमीरबीनं विचारलं.

"नाही," डॉक्टर म्हणाला. त्याला गोड बोलता येत नव्हतं, किंवा यायचं बाकी होतं. "उलट बाहुली बारीक होईल. घरात, सावलीत अंधारल्यासारखं वाटेल. कपाळ ठणकेल. तरी थेंब चुकवायचा नाही. आज थोडं कमी दिसेल, पण उद्या दिसायला डोळा राहील."

"किती दिवस घालायचं?"

"जेवता किती दिवस? तितके दिवस."

आणि निघताना कुलसुमला त्यानं पुन्हा थांबवून सांगितलं, "ते रंगीत कडं दिसलं, डोकं फुटायला लागलं, ओकारी आली, तर त्याच दिवशी इकडं आणा. उद्यावर टाकू नका."

परतीच्या वाटेवर अमीरबी पिराजीच्या बैलांना ऐकू जाईल एवढ्यानं बोलत होती. "दिसायला बरं करत न्हाय, वर अंधार करतंय, आनि त्येला म्हनं औषध! माझ्या म्हशीला असलं औषध दिलं असतं तर तिनं लाथ घातली असती." तिच्याकडं म्हैस नव्हती, पण रागात माणूस म्हैससुद्धा पाळतं.

तरी थेंब सुरू झाले. रोज तीन वेळा दार लोटून घ्यायचं, अमीरबीनं सुनेच्या मांडीवर डोकं ठेवायचं आणि वर आढ्याकडं बघायचं. ज्या सुनेला तीन वर्षं तिनं उठताबसता टोचलं, तिच्या मांडीवर मान टाकून पडायचं, याची तिला थेंबापेक्षा जास्त चुरचुर व्हायची. कुलसुमचा हात स्थिर होता. थेंब नेमका पडायचा. ती डोळ्याचा कोपरा दाबून धरायची आणि मनात पन्नासपर्यंत मोजायची. थोड्या वेळानं भुवईत कळ उठायची आणि घर काजळ धरल्यासारखं काळवंडायचं.

अमीरबीच्या वाट्याला पाच गावं होती. मणेरांच्यात गावं वाटून घेतलेली असतात. एकाच्या गावात दुसरा बांगड्यांची पाटी घेऊन शिरत नाही. नवरा वारल्यावर जमातीनं ती गावं अमीरबीच्या नावानं ठेवली, कारण तिचा हात. तीस वर्षांत तिच्याकडून नवरीच्या हातात एकही बांगडी वाढली नव्हती. अंगठ्याचं मूळ आत मुडपून, बोटं गोळा करून, बाईला बोलण्यात गुंगवून ती अशी बांगडी चढवायची, की पोरगी "आई गं" म्हणायच्या आत बांगडी मनगटावर असे. भरून झालं की बायका तिच्या पाया पडायच्या. पाटलाच्या घरची बाईसुद्धा पडायची. सबंध मुलखात अमीरबीपुढं कुणी वाकायचं तर एवढ्या एका कारणानं, आणि त्याची किंमत तिला चांगली ठाऊक होती.

हे सगळं बोटांचं काम होतं. बोटांना माप कळतं, काच बारीक की जाड ते कळतं, पण रंग कळत नाही.

चैत्रात सांगवड्याच्या एका घरी डोहाळजेवण होतं. माजघरात, खिडकी नसलेल्या अंधारात, तिनं गरवारशीच्या हातात डझनभर हिरव्या बांगड्या भरल्या. बाई उजेडात आली आणि तिची सासू ओरडली, "अगं अमीरबी, ह्या दोन जांभळ्या कशाच्या?" सगळ्या बायका हसल्या. अमीरबीही हसली. "बघत व्हते, तुमचं ध्यान हाय का न्हाय," म्हणाली. बांगड्या उतरवून दुसऱ्या भरताना तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या होत्या. त्या बाईची धाकटी जाऊ तिच्या डोळ्यांकडं टक लावून बघत होती. एवढं मात्र त्या अंधारातही तिला बरोबर दिसलं.

त्या दिवशी घरी पाटीतली हिरव्या-जांभळ्यांची सरमिसळ बघून कुलसुम म्हणाली, "अम्मा, मी बांगड्यांच्या माळांना गाठी मारून देते. हिरव्याला एक, जांभळ्याला दोन, तांबड्याला तीन. हाताला कळंल तुमच्या."

"आंधळी समजलीस व्हय मला?"

"न्हाय, पर..."

"पर न्हाय आनि बिर न्हाय. गाठी बघितल्या की बायका इचारतील, गाठी कशाला. तू गप भाकरी भाज."

कुलसुम गप भाकरी भाजायला बसली.

बातमीला पाय असतातच, आणि सांगवड्याची बातमी चार दिवसांत हुपरीला पोचली. हुपरीचा बादशहा मणेर हा अमीरबीच्या नवऱ्याचा चुलतभाऊ. गोरा, गोडबोल्या, कानाला अत्तराचा फाया लावणारा. तो एका दुपारी दारात आला, शेळीला कुरवाळलं, पाणी प्याला आणि मग म्हणाला, "भाभी, डोळ्याचं ऐकलं. लई वाईट वाटलं."

"कुणाच्या डोळ्याचं?"

"आता मला कशाला बनवता? दिलदारला तर धंदा येत न्हाय. सुनंच्या नावावर गाव चढत न्हाय, जमातीत तशी चालच न्हाय. तुमची पाच गावं मी बघतो. तुमच्या पोटाला कमी पडू देणार न्हाय. घरात बसून खावा, अल्लाचं नाव घ्या."

अमीरबीनं त्याच्याकडं सबंध मान फिरवून बघितलं. "बादशहा, माझ्या घरात तुझी भाभी हाय, भिकारीण न्हाय. ऊठ."

तो उठला, पण जाताना बोललाच. "वसगड्याच्या हंबीरराव पाटलाच्या लेकीचं लगीन हाय वैशाखात. पाटलीणबाईनं मला निरोप धाडलाय. म्हणल्या, चुडा अमीरबीच भरंल, पर तुम्ही गावात असा. काय चुकलंमाकलं तर हाताशी."

तो गेल्यावर अमीरबी बराच वेळ उंबऱ्यावर बसून राहिली. पाटलाच्या घरचा चुडा जो भरेल तो त्या गावाचा मणेर, आणि वसगडं ज्याचं त्याची मागची चार गावंही, अशी रीत पडून गेली होती. म्हणजे एकदा चुकलं की सगळं संपलं. तिला भीती वाटली. नवरा मेला तेव्हाही वाटली नव्हती एवढी वाटली, कारण तेव्हा हात होते आणि डोळेही होते.

दिवेलागणीला कुलसुम बाटली घेऊन आली. अमीरबी म्हणाली, "आण हिकडं. माझं मी घालते. रोज रोज तुझ्या मांडीवर पडायला मी काय तान्हं पोर हाय?"

"नीट पडंल का थेंब?"

"तीस वरसं बांगड्या भरलेला हात हाय ह्यो."

ती परसात गेली, कांडी बुडवली आणि थेंब राखेच्या ढिगावर सोडला.

दुसऱ्या दिवशी काहीच फरक नव्हता. तिसऱ्या दिवशी भुवईतली कळ थांबली. चौथ्या दिवशी सकाळी ती उठली, तर घर लख्ख झालेलं. कोनाड्यातली घासलेटची चिमणी दिसली, फळीवरची तांब्याभांडी वेगळी दिसली, कुलसुमच्या पदराची किनार दिसली. तिनं धावत जाऊन पाटी उघडली, अगदी आतल्या अंधाऱ्या खोलीत नेऊन उघडली. हिरव्या हिरव्या दिसत होत्या आणि जांभळ्या जांभळ्या. अमीरबी रडायलाच लागली. मग तिला संताप आला. "मेल्यानं औषध म्हणून काजळीच घातली माझ्या डोळ्यात! सव्वा महिना आंधळी करून ठेवली मला!" हे ती मनातच म्हणाली. बाहेर म्हणाली, "कुलसुम, पोरी, आज च्या कर गुळाचा."

पोरी ही हाक कुलसुमनं तीन वर्षांत पहिल्यांदा ऐकली. तिला संशय आला तो तिथंच.

ती बघत राहिली. सासू आता शेळीला वळसा घालून जात होती. उन्हात डोळे किलकिले करत होती. थेंबांच्या दिवसांत बाहुली मोहरीएवढी असायची, ती आता चांगली मोठी दिसत होती. बाटली मात्र रोज बेतानं उतरत होती. दुपारी अमीरबी कलंडली असताना कुलसुम जवळ बसली आणि तिनं पापणीवर दोन बोटं ठेवली. अमीरबी दचकून उठली.

"अम्मा, डोळा कडक लागतोय. थेंब घालत न्हाय तुमी."

"कोण म्हणतं?"

"राखेवर वल दिसती रोज तीन वेळा."

अमीरबीनं आधी आवाज चढवला, मग शपथ घ्यायला तोंड उघडलं आणि मिटलं. "व्हय, न्हाय घालत," ती म्हणाली. "घातलं की दिसत न्हाय, न्हाय घातलं की दिसतंय. मी काय करू सांग. डोळा राखू का गाव राखू? डॉक्टर म्हणतोय, उद्या दिसाय डोळा ऱ्हाईल. उद्या ऱ्हाईल, पर आज गाव जाईल की! गाव गेल्यावर डोळा राखून बघू काय मी? बादशहा माझ्या दारावरनं पाटी घेऊन जातोय, ते बघू?"

सासूचं बोलणं एका बाजूनं खरंच होतं आणि डॉक्टरचंही खरंच होतं. दोन खऱ्यांच्या मधे हे घर सापडलं होतं. तरी कुलसुम म्हणाली, "मग चुड्याच्या दिशी सकाळचा एक थेंब चुकवा. बाकीचे घाला. एका दिसानं काय हुणार न्हाय. न्हायतर मी येते संगं, रंग मी बघते, तुमी भरा."

"आनि पाटलीणबाईला काय सांगू? सून डोळं घिऊन आलीया म्हणून?"

"सांगा की."

"चुडा होऊ दे," अमीरबी म्हणाली. "आठ दिसांचा प्रश्न हाय. त्याच सांजंला तुझ्या मांडीवर पडते. म्हणशील तितकं थेंब घाल."

कुलसुमनं तिचे पाय धरले. तीनदा धरले. अमीरबीनं पाय काढून घेतले आणि शेवटी त्या पोरीला मूल नसल्याचं काढलं, म्हणाली, "तुझं पोटचं असतं तर तुला घर राखणं म्हंजे काय ते कळलं असतं." कुलसुम उठून परसात गेली. अमीरबीला बोलल्या बोलल्या पश्चात्ताप झाला, पण तिनं तो बोलून दाखवला नाही.

चुड्याच्या दिवशी ऊन असं, की वसगड्याच्या वाटेवरची धूळ चपलेतून भाजत होती. अमीरबी डोक्यावर पाटी घेऊन एकटीच गेली. पाटलाच्या सोप्यापुढं मांडव पडला होता, पुरुषांची वर्दळ होती, म्हणून बायकांनी चुडा आतल्या माजघरात मांडला. दारं लोटलेली, कोपऱ्यात मोठी समई, तीस-चाळीस बायका, हळदीचा आणि घामाचा वास. बाहेर सोप्याच्या कट्ट्यावर बादशहा पाय हलवत बसलेला तिनं येताना बघितला होता. त्यानं उठून सलाम केला होता.

नवरी तेरा वर्षांची. नाव तिचं काहीतरी देवाधर्माचं होतं, पण जन्मल्यापासून सगळे तिला आक्का म्हणत. अमीरबीनं तिला बारशाला काळ्या मण्यांची बांगडी घातली होती.

"चाची, दुखवू नगा हां," आक्का म्हणाली.

"मी दुखवते व्हय कधी? सांग बरं, नवरा कसा हाय तुझा? मिशी हाय का नुसतीच लव?"

बायका खळखळून हसल्या आणि पहिली बांगडी चढली. उजवा हात भराभर भरला. हिरव्या गर्द बांगड्या समईच्या उजेडात चमकत होत्या, आणि अमीरबीला एकेक दिसत होती. पाटलीणबाई शेजारी बसून बघत होती. तिच्या तोंडावरचा ताण कमी झालेला अमीरबीनं बघितला. बादशहा, बस म्हणावं कट्ट्यावर.

डाव्या हाताला सुरुवात केली आणि तिचं लक्ष समईकडं गेलं. ज्योतीभोवती एक बांगडी होती. बाहेरून तांबडी, आतून हिरवी, मधे पिवळी. इतकी सुंदर बांगडी तिनं आयुष्यात विकली नव्हती.

डॉक्टर हसला नव्हता, ते आठवलं.

चार बांगड्या चढल्या तोवर डाव्या डोळ्याच्या मागं कुणी सुया रोवाव्यात तशी कळ सुरू झाली. सहा झाल्या तोवर ती कळ कवटीत पसरली. समईची बांगडी मोठी मोठी होत गेली आणि मग सगळं माजघर धुक्यात बुडालं. शेजारच्या बायका आपापल्यासाठी पाटीतल्या माळा उचलून बघत होत्या, हसत होत्या, पुन्हा टाकत होत्या. आता उठावं, बाहेर जावं, कोल्हापूरला न्या म्हणून ओरडावं. पण डाव्या हातात अजून पाच बांगड्या बाकी होत्या, आणि बाहेर तो बसला होता.

"चाची, तुमचा हात गार पडलाय," आक्का हळू म्हणाली.

"गप बस. हात ढिला सोड."

तिनं उरलेल्या पाच बांगड्या नुसत्या बोटांनी भरल्या. पाटीत हात घालायचा, माप चाचपायचं, अंगठ्याचं मूळ मुडपायचं, चढवायची. तोंडानं ती बोलतच होती, पण काय बोलत होती ते तिचं तिला कळत नव्हतं. शेवटची बांगडी, डाव्या हातात रीतीनं एक जास्त भरतात ती, मनगटावर उतरली आणि एकही वाढली नाही. आक्कानं वाकून तिच्या पायाला हात लावला. अमीरबीनं हात पुढं केला तो आधी हवेत गेला, मग पोरीच्या केसांवर टेकला. "सुखात ऱ्हा," ती म्हणाली.

"अमीरबी, तुझ्यासारखा हात न्हाय," पाटलीणबाई म्हणाली.

मागच्या दारापर्यंत ती भिंत धरून गेली आणि गोठ्याशी भडभडून ओकली.

पाटलांच्याच गाडीतून तिला थेट कोल्हापूरला नेलं. वाटेत मुडशिंगीला कुलसुम बाटली घेऊन गाडीत चढली आणि हलत्या गाडीत सासूचं डोकं मांडीवर घेऊन थेंब सोडत राहिली. काही गालावर पडले, काही डोळ्यात. दवाखान्यात डॉक्टरनं दर थोड्या वेळानं थेंब घातले, तिसऱ्या दिवशी शस्त्र लावलं. दुखणं थांबलं. पट्टी निघाली तेव्हा अमीरबीला खिडकी कुठं आहे ते कळलं. खिडकीत कोण उभं आहे ते कळलं नाही.

"थेंब घातले होते का?" डॉक्टरनं विचारलं.

कुलसुम तोंड उघडणार, तोच अमीरबी म्हणाली, "न्हाय. हिनं सांगितलंतं. मीच न्हाय घातले."

डॉक्टर रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं. "उजेड-अंधार कळतोय, तेवढा राखू," म्हणाला. "थेंब चालू ठेवा. चुकवू नका आता."

गावं राहिली. पाटलाच्या घरचा चुडा न वाढता भरला, हे पाचही गावांना माहीत झालं होतं. बादशहा हुपरीला परत गेला. पाऊस सुरू झाला, दिलदार धरणावरून आला, आईच्या पायाशी बसून लहान पोरासारखा रडला आणि शेतं नांगरायच्या मजुरीला गेला. आणि पाटी पुन्हा निघाली. पुढं कुलसुम डोक्यावर पाटी घेऊन, मागं अमीरबी तिचा पदर धरून. गिऱ्हाइकाच्या घराच्या अलीकडं आल्या की अमीरबी पदर सोडायची आणि पाठ ताठ करायची. माळांना गाठी होत्या. हिरव्याला एक, जांभळ्याला दोन. बायकांना सगळं कळत होतं. त्या काही म्हणत नव्हत्या, आणि त्यांचं ते काही न म्हणणं अमीरबीला रोज घरोघर सोसावं लागत होतं. दुपारच्या थेंबाला कुलसुम तिला कुणाच्या तरी गोठ्यामागं, आडोशाला नेई. कुणाला दिसू नये म्हणून.

नागपंचमीला आक्का माहेरी आली. तिच्या हाताला नव्या बांगड्या भरायला दोघी वसगड्याला गेल्या. सोप्यावर चटई टाकली. आक्का समोर बसली आणि तिनं हात पुढं केला. अमीरबीचा हात आधी दुसरीकडंच गेला. आक्कानं आपला हात उचलून तिच्या हातात दिला.

बोटं मनगटावरून फिरली. चुड्यातल्या काही बांगड्या अजून होत्या. सोन्याच्या पाटलीच्या मागं एक एकटीच सरकवून ठेवलेली लागली.

"ही का माघारी लोटलीस?"

आक्का हसली, मग आत कुणी ऐकत नाही ना बघून हळू म्हणाली, "चाची, ती जांभळी हाय. चुड्याच्या दिशीच आलती. शेवटून दुसरी. मी पाटलीखाली सारली, कुणाला दिसली न्हाय."

कुलसुमच्या हातातली माळ खाली ठेवली गेली.

"आईला सांगितलं न्हाईस?"

"कशाला? बांगडीच की ती." आक्का सांगतच होती. "सासरी नणंदेनं बघितली. मी म्हणलं, आमच्या मणेरणीची रीतच हाय, हिरव्यात एक जांभळी घालायची. तवापासनं ती बी मागतीया. आज दोन द्या मला."

अमीरबी त्या बांगडीवरून अंगठा फिरवत राहिली. ती इतर बांगड्यांसारखीच लागत होती. पावसाची सर आली आणि गेली. आतून पाटलीणबाईच्या पावलांचा आवाज आला, बायका जमू लागल्या.

"कुलसुम," अमीरबी म्हणाली, "दुपार झाली न्हवं?"

"झाली. चला, गोठ्याकडं."

"न्हाय. हितंच घाल."

आणि पाटलाच्या सोप्यावर, सगळ्यांच्या देखत, ती आडवी झाली आणि तिनं सुनेच्या मांडीवर डोकं ठेवलं. कुलसुमनं कांडी बुडवली. थेंब नेमका पडला. तिनं डोळ्याचा कोपरा दाबून धरला आणि ओठ हलवत मोजायला लागली. कुलसुमचा तळवा गालाला लागला होता, तो अमीरबीनं आपल्या हातानं तिथंच धरून ठेवला.

आक्कानं वाकून विचारलं, "ह्यानं दिसायला लागतं व्हय चाची?"

"न्हाय," अमीरबी डोळे मिटूनच म्हणाली. "दिसत न्हाय. ऱ्हातंय, तेवढंच."